शेवटचा चौकोन

प्रश्न १. हवामान परिषदांमुळे काही बदलेल असं तुम्हाला वाटतं का? (एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे नक्की.)

"शून्य आहे का?" तिनं विचारलं.

"शून्य नाहीये."

"मग एक. आणि जरा उजेड सोडा."

तो दारातच उभा होता. गळ्यात ओळखपत्र, छातीशी फॉर्मांचं पॅड... सर्वेवाला. दर सातवं दार ठोठावायचा त्याला हुकूम, आणि सातवं दार निघालं तिच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानाचं. तो चटकन बाजूला झाला. ऊन थेट तिच्या हातातल्या पंपाच्या मोटरवर पडलं, तांब्याच्या तारा झळाळल्या, आणि त्याची पेन्सिल... थबकली.

"लिहा ना!"

"हो — लिहितोय."

आतून बाबा गरजले, "विमानानं जायचं, धुरावर भाषणं ठोकायची, विमानानं परत यायचं! माझाही एक लिही रे!"

"काका, एका घरात एकालाच विचारतात."

तिला आतून गुदगुल्या झाल्या. तिला काय वाटतं, हे आजवर विचारलं होतं कुणी?

"माझा हा एक वरपर्यंत जातो?"

"जातो की! पण तीन फेऱ्या आहेत. परिषदेआधी, चालू असताना, संपल्यावर. तिन्ही झाल्या तरच मोजतात."

"म्हणजे अजून दोनदा डोकं खायला येणार?"

"हो!" तो असा काही हसला, जणू बढतीच मिळाली.

प्रश्न ४. (दुसरी फेरी.) हरित ऊर्जेच्या योजनांवर विश्वास नसल्यास कारण?

उत्तराला जागा दीड ओळ. ती उठली, त्याला हाताला धरून... नाही, बाहीला धरून समोरच्या वाचनालयाच्या गच्चीवर घेऊन गेली. तिथला पंप तीच दुरुस्त करायची.

"तीन वर्षांपूर्वी फीत कापली, फोटो काढले. आता खाली वाका."

तो वाकला. वर सोलर पॅनेल लखलखत होते. त्यांच्याखालून निघालेली वायर दोन हात आली होती आणि नुसतीच लोंबकळत होती. कशालाच जोडलेली नव्हती.

"सूर्याशी माझं भांडण नाही हो," ती म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम. फुकट करते म्हटलं, तर म्हणे फाइल वर गेलीय."

तो लिहीत सुटला. दीड ओळ संपली, समास संपला, पाठची बाजू भरत आली. वारा आला, कागद उडाला, दोघं एकदमच झेपावले — आणि डोक्यावर डोकं!

"लागलं?"

"एक ते पाचमध्ये सांगू?"

ती इतकी मोठ्यानं हसली, की खालच्या वाचनालयातून कुणीतरी "शूऽऽ" केलं.

(इथे फॉर्ममध्ये प्रश्न नाही.)

तरी तो आला. टेबलफॅन घेऊन.

"याला काही झालेलं नाही."

"आवाज करतो."

"लावल्यावर करणारच!"

चार दिवसांनी पुन्हा तोच पंखा. तिनं स्क्रूवरचे ताजे ओरखडे निरखले. "हा तूच ढिला केलास."

"...हो."

ती मान खाली घालून स्क्रू आवळत राहिली. कान मात्र लाल झाले होते.

प्रश्न १, पुन्हा. (तिसरी फेरी.)

"परिषद दोन दिवस लांबली म्हणे," बाबा म्हणाले. "टाळ्या संपत नसतील!"

"एक?" त्यानं विचारलं.

"एक."

पेन्सिल खालच्या चौकोनाशी येऊन अडली. हा प्रश्न तो कधी वाचून दाखवत नसे, आपणच 'नाही'वर खूण करत असे. आज तिनं मान वाकडी करून वाचला. 'मुलाखत घेणारा आणि उत्तर देणारा यांची या कामाबाहेर ओळख आहे का?'

"'हो' लिहिलं तर?"

"तिन्ही फॉर्म बाद. तुझा एक, ती वायर... सगळंच."

"आणि 'नाही' लिहिलं तर?"

"तर मग आपली..." तो तिच्याकडे बघेना. "ओळख नाही."

ती लोंबकळणारी वायर पहिल्यांदाच सरकारी कागदावर आली होती. तो एक मोजला जावा म्हणून तिनं महिने काढले होते. पण त्या पॅनेलसारखं कागदावर एक आणि प्रत्यक्षात भलतंच — हे आता तिनंही करायचं?

तिनं पेन्सिल ओढून घेतली. 'हो'वर अशी खूण केली, की टोकच मोडलं.

"मग आता माझा एक लिही!" बाबा बाहेर आले. "मी कुठे ओळखतो तुला? — अजून!"

तो हसला नाही. "एक प्रश्न राहिलाय. फॉर्मवर नाहीये." त्यानं पॅड काखेत मारलं. "उद्या येईन. पंखा न घेता. फक्त... तुझ्यासाठी. किती विश्वास?"

"तीन."

"बस?"

"नुसत्या शब्दांवर मी एकाच्या वर जात नाही. तीन म्हणजे डोक्यावरून पाणी!"

सकाळी तिनं शटर हातभर उचललं. फटीतून दोन बूट दिसले. शेजारी पंखा नव्हता.

"चार," ती आतूनच म्हणाली.

शटर खडखडत वर गेलं.

"...पाच."