मागच्या सीटचं माप

हे खरं घडलंय. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मला आता पटवून द्यायचा कंटाळा आलाय. आणि यात अमावास्येची रात्र, पिंपळ वगैरे शोधू नका. जे झालं ते रविवारी सकाळी, लख्ख उन्हात, मनोरच्या अलीकडे हायवेवर झालं.

मी जागृती. माहेर सातपाटीचं, सासर सरावलीत. नवरा दर्पण तारापूरच्या एका कंपनीत आहे. त्याचा दुसरा संसार म्हणजे त्याची बाइक.

लांब फिरायचं वेड दोघांनाही. पण मनोर येईपर्यंतच माझी कंबर कामातून जायची. म्हणून दिवाळीनंतर दर्पणने बाइकच माझ्या सोयीची करायला काढली. हँडल उंच केलं, पुढे काच लावली, मागे मला पाठीला टेकू आणि धरायला दांडी बसवली. राहिली फक्त सीट.

सीट बेटेगावचे वामनकाका करतात. त्यांची रीत ठरलेली. माणसाला कच्च्या फोमवर बसवायचं, हाडं रुततात तिथे खडूने खूण करायची आणि तेवढाच फोम कापायचा. दोघांनी या, असं त्यांनी बजावलं होतं.

पण माप द्यायच्या दिवशी मी माहेरी होते. बोंबील वाळत घालायला आईला हाताशी कुणी नव्हतं.

दर्पणला कुठला धीर! तो एकटाच गेला. दुकानाच्या कोपऱ्यात मागच्या सीटचा एक कापलेला फोम पडला होता. माझ्याच अंगकाठीच्या बाईचं माप आहे, असं याला वाटलं. वामनकाका नको म्हणाले, तरी याने तोच बसवायला लावला.

पुढच्या रविवारी त्र्यंबकला निघालो.

सीट इतकी छान होती की मी दर्पणला शाबासकीसुद्धा दिली. फक्त डावी मांडी जरा जास्त खोल जात होती...

चिल्हार फाट्यावरून हायवेला लागलो. थोड्या वेळाने मला वारा लागेनासा झाला. शेजारून ट्रक जात होते, पण माझ्या ओढणीचं टोकही हलत नव्हतं.

आणि सीट गरम होती. उन्हाने नाही. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी...

मनोर जवळ आलं तेव्हा दर्पण मान न वळवता म्हणाला, "जागू, पोट एवढं आवळू नको. श्वास कोंडतोय."

माझे दोन्ही हात मागच्या दांडीवर होते.

मी काही बोलायच्या आत बाइक डावीकडे ओढली गेली. कठड्याकडे... दर्पण सगळा जोर लावून हँडल सांभाळत होता, त्याचे खांदे थरथरताना मला दिसत होते. मी ओरडून त्याला थांबायला सांगितलं. थांबलो तेव्हा हात लांबवला असता तर कठड्याला लागला असता.

त्याने शर्ट वर केला. पोटावर बोटांचे वळ होते.

तिथूनच मागे फिरलो ते थेट बेटेगावला. वामनकाकांना सगळं सांगितलं.

"तो फोम एका पोरीचा. ती माप देऊन गेली," ते म्हणाले. "डाव्या मांडीवर भार टाकून बसायची, म्हनून तितं जादा कापला. सीट न्यायच्या आदीच मनोरला नवऱ्याच्या मागनं पडली, गाडीखाली गेली. नवरा वाचला. तो परत आलाच नाय."

मी विचारलं, मग तो फोम ठेवलात कशाला?

"टाकाया हात झाला नाय. तुज्या नवऱ्याला मी नको म्हनलो होतो."

दर्पणचा मला इतका राग आला होता की मी त्याच्याकडे बघितलंही नाही. वामनकाकांनी फोम काढला आणि आमच्यासमोर जाळला. मला नव्या फोमवर बसवून माझं माप घेतलं.

नव्या सीटवर मी बसून पाहिलं. वारा लागत होता. सीट थंड होती. वाटलं, सुटलो.

पण दर्पण आता मला फिरायला चल म्हणत नाही. विचारलं तर म्हणतो, तुझी कंबर दुखेल.

रोज सकाळी तो कामावर निघतो तेव्हा मी गॅलरीत उभी असते. तो बाइक सुरू करतो, पण लगेच निघत नाही. दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवतो, हँडल सरळ धरतो आणि थांबतो. मी मागे चढताना थांबायचा ना, तसाच.

मग मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगा दबतात... आणि बाइक किंचित डावीकडे कलते.

मग तो निघतो.

परवा म्हणाला, रविवारी एकटाच त्र्यंबकला जाऊन येतो. मी रडले, भांडले. तो नुसता हसला.

आज शनिवार आहे. बाइकची चावी मी तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवली आहे.

उद्याची त्याची सगळी तयारी झाली आहे, पण चावी कुठे आहे, हे त्याने अजून एकदाही विचारलेलं नाही...