निळा वाडगा

तारकर्लीची सीता आयुष्यात कुडाळ स्टेशनच्या पलीकडे फारशी गेली नव्हती. ती एकदम स्वीडनच्या किनाऱ्यावर, लुगड्यावर लेकाचं जाकीट चढवून उभी राहिली, याला कारण तिचा एकुलता एक सिद्धेश. तो क्रूझच्या जहाजावर आचारी. घरच्या माणसांना तिकीट स्वस्तात मिळतं, म्हणून त्याने आईला बोलावून घेतलं. गावाला वाटलं, सीता जग बघायला चालली. कसलं जग नि कसलं काय! ती मुलाला परत आणायला गेली होती.

अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा लवू होडी घेऊन गेला तो आलाच नाही. होडीची फळीसुद्धा हाती लागली नाही. लवू दर्यावरून आला की मागीलदारी पायांवर तीन तांबे पाणी ओतायचा, खाकरायचा आणि मगच घरात शिरायचा. सीता अजूनही सकाळी चहा ठेवताना एक कान मागीलदाराकडे ठेवते. त्यात मुलालाही पाण्यानेच ओढलेलं, म्हणून तिचा जीव कधी थाऱ्यावर नसे. ही त्याची शेवटची फेरी, पुढे घरीच खानावळ काढायची, असं तिने त्याच्याकडून वदवून घेतलं होतं.

ती निघाली तेव्हा गणपत गावकराने गाव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, गाऱ्हाणं घालून सिद्धेशच्या नावाने नारळ फोडला. एक कवड, अर्धा नारळ, घरच्या देव्हाऱ्यात ठेवायला दिली, दुसरी लाल फडक्यात बांधून सीताच्या हाती.

"झील घरात येयसर ही मोडू नको, कोणाक देव नको," तो म्हणाला. "उंबरो ओलांडल्यार दोनय एकत्र ठेव. मगे सुटलंस."

रविवारी जहाज त्या लहानशा गावासमोर नांगरलं. सिद्धेशला भटारखान्यातून सुट्टी नव्हती. त्याने आईला किनाऱ्याकडे जाणाऱ्या होडीत बसवलं.

"आये, शेवटची होडी एकाक सुटता. भोंगो वाजलो की धक्क्यार ये. खंय भटकत रवा नको."

"माका काय भटकूचा आसा? तू मात्र सामान बांधून ठेव," ती म्हणाली.

गाव चित्रातलं असावं तसं होतं. तांबडी लाकडी घरं, पांढऱ्या खिडक्या, प्रत्येक खिडकीत भर दिवसा जळणारा एक दिवा. माणूस मात्र औषधालाही नाही. बाकीचे प्रवासी चर्च बघायला टेकडी चढले. सीताचे गुडघे काही टेकडी चढायचे नव्हते, ती धक्क्यावरच्या बाकावर बसली. वारा पडला. डांबराचा आणि धुरावलेल्या माशांचा वास येत होता. घड्याळात बाराला पाच कमी होती. आपल्याकडे या वेळेला कोणी एकटं पाण्याच्या कडेला बसत नाही, हे तिला आठवलं, आणि परमुलखात कसली आलीय बाराची वेळ, म्हणून तिने ते झटकून टाकलं.

समोरच्या घरातून एक म्हातारी आली. डोक्याला काळा रुमाल. तिने सीताच्या हातात एक निळा वाडगा ठेवला, मानेनेच "खा" म्हणाली आणि आली तशी आत गेली. वाडग्यात माशाचं सार होतं. तिखट नाही, कोकम नाही, त्याला सार म्हणायलाही धाडस हवं. पण गरम होतं, आणि प्रेमाने दिलेलं टाकायचं कसं? सीता शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

तेवढ्यात भोंगा झाला.

सीताने नळावर वाडगा विसळला आणि तिथेच अडली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही. चार मिरच्या, चिमूटभर साखर, काहीतरी घालायचंच. तारकर्लीत तिने जन्मात कोणाचं भांडं रिकामं पाठवलं नव्हतं. पिशवीत शोधलं तर गोळ्या, फणी, पासपोर्ट. आणि लाल फडकं.

नखाएवढा तुकडा गेला तर राखणदार काय रागावणार? तिने कवडीतल्या खोबऱ्याची कड मोडली, वाडग्यात टाकली आणि त्या घरात शिरली.

आत ओलसर काळोख होता. भिंतभर माणसांच्या तसबिरी, सगळे पुरुष, सगळे दर्यावर्दी. प्रत्येकाखाली खिळा, खिळ्याला काहीतरी अडकवलेलं. चिलीम. पट्टा. एका खिळ्याला काळा दोरा. सर्वांत शेवटची चौकट रिकामी होती, आणि तिच्याखाली खिळ्याऐवजी एक छोटीशी फळी.

म्हातारीने खोबरं उचललं, हुंगलं. मग ते त्या फळीवर ठेवलं आणि पहिल्यांदाच हसली.

सीताने हात पुढे केला. "आजी... ता नको... ता माझ्या झिलाचा..."

म्हातारीने तिचा हात हातात घेतला. तो हात थंडगार होता, आणि खारट पाण्याने निथळत होता. सीताला ओरडून ते खोबरं मागायचं होतं. पण दिलेलं परत मागायचं नाही, हेही तिला लहानपणापासून शिकवलेलं. दुसरा भोंगा झाला आणि ती पळत सुटली.

जहाजावर सिद्धेश हसतखेळत उभा होता. ती त्याला बिलगून रडली. खोबऱ्याचं मात्र लपवलं. पुढचे आठ दिवस तिने त्याची पाठ सोडली नाही. विमानात जागी, रेल्वेत जागी. कुडाळला उतरून रिक्षा तारकर्लीला पोचली तेव्हा लख्ख दुपार होती. आणला गो बाई, आणला एकदाचा, असं म्हणत तिने कुलूप काढलं.

"तू हयच रव. भाकरतुकडो ओवाळतंय, मगेच आत ये."

"आये, भूक लागली," तो उंबऱ्याबाहेरून म्हणाला.

"दोन मिन्टां रे."

ती लाल फडकं घेऊन आधी देव्हाऱ्याकडे गेली. तीन आठवडे बंद असलेल्या घरात धुराचा वास कोंडला होता. माशांच्या धुराचा.

देव्हाऱ्यात कवड नव्हती. तिच्या जागी निळा वाडगा होता. रिकामा नव्हता. आत पाणी होतं, आणि पाण्यात काळ्या दोऱ्यातला तांब्याचा ताईत. दोऱ्याची दुहेरी गाठ तिनेच मारलेली होती, लवूच्या दंडावर, तो गेला त्या पहाटे.

"सिद्धेश...?"

ती धावत पुढल्या दारी आली. दारापुढच्या खळ्यात दोन्ही बॅगा होत्या. उंबऱ्याबाहेर त्याचे बूट जोडीने काढून ठेवलेले होते, टोकं समुद्राकडे. वाळूत पावलं नव्हती.

आणि मागीलदारी कोणीतरी पायांवर पाणी ओतलं. एक तांब्या. सीता वळली नाही. दुसरा. तिने दाराची चौकट घट्ट धरली. तिसरा.

मग कोणीतरी खाकरलं.