या वेळी कशाने मरू?

“मेल्यावर तरी माणसाला बरा फोटो नको काय?”

माझ्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं. मी स्क्रीनवर एका मयताचे डोळे उजळ करत होते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चं फ्लेक्स, चार बाय सहा, नाव विक्रम राऊत. वळून बघते तर मयत माझ्या खुर्चीमागे उभा. चौकडीचा शर्ट, हातात हेल्मेट, आणि चेहऱ्यावर स्वतःच्या फोटोबद्दलची खरीखुरी नाराजी.

माझ्या हातातून माउस सुटला. तो घाईघाईने म्हणाला, “घाबरू नका मॅडम. आमचा बँड हाय.”

पालघरला एसटी डेपोजवळ आमचं फ्लेक्सचं दुकान. आधी भाऊ चालवायचा, तो पुण्याला गेल्यापासून मी, वर्षाराणी. वय छत्तीस, लग्न नाही, आणि दिवसाला दोन-तीन माणसांना कैलासवासी करायचं माझं काम. पण जिवंत माणूस स्वतःचं फ्लेक्स बघायला आलेला पहिल्यांदाच पाहिला.

बँडचं नाव मयत मंडळ, बोईसर. तिघं जण, तिघंही कारखान्यांत पाळीवर. प्रीतम कीबोर्डला, आनंदा ढोलकीला, आणि विक्रम गाणी लिहायचा, गायचा. पद्धत अशी, की दर कार्यक्रमात एकाने मरायचं. मेलेल्याने गळ्यात हार घालून आपल्या फ्लेक्सखाली खुर्चीत बसायचं. बाकीच्या दोघांनी ते फ्लेक्स मोठ्याने वाचायचं आणि त्याच्या नावाने गाणी म्हणायची. आता रात्रपाळी कोण बदलून देणार, त्याच्या मोबाइलचा पासवर्ड कुणाला ठाऊक, असली. मयताने तोंड उघडायचं नाही. फक्त शेवटच्या गाण्याला उठायचं आणि गायचं.

सुरुवातीला फजितीच झाली म्हणे. पहिलं फ्लेक्स नाक्यावर लागलं आणि आनंदाची मावशी जव्हारहून रडत आली. तो जिवंत दिसल्यावर तिने त्याला चपलेने बडवला. एका गणपतीत अर्ध्यातच माइक बंद केला गेला. मग कुणीतरी गाणी मोबाइलवर टाकली, ती फिरली, आणि वर्षभरात डहाणूपासून सफाळ्यापर्यंत बोलावणी यायला लागली.

मरायची पाळी खरं तर आलटून-पालटून होती. तरी विक्रमच जास्त मरायला लागला.

“आमाला मरूच देत नाय हा,” आनंदा एकदा दुकानात कुरकुरला, आणि माझ्याकडे बघत बोटांनी काउंटर वाजवत राहिला.

मरणाचं कारण विक्रम माझ्याकडूनच घेऊन जायचा ना! काउंटरला कोपर टेकून विचारायचा, “या वेळी कशाने मरू?”

“गेल्या वेळी कशाने मेलात?”

“हजेरीच्या मशीनवर अंगठा उमटला नाय म्हणून.”

“मग या वेळी... लाजून मरा.”

“त्याने कोण मरतं?”

“प्रयत्न तर करून बघा.”

आणि तो खरंच लाजला — कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत. फ्लेक्सचं मशीन माणूस कपाळापासून छापत येतं. आधी केस, मग भुवया... त्याचे डोळे बाहेर येईपर्यंत मी त्या शाईच्या उग्र वासात उभी राहायला लागले. माझं मलाच हसू यायचं.

एक गोष्ट मात्र कुणी बोलत नव्हतं. त्याचं लग्न झालेलं होतं, एवढं माझ्या कानावर आलं होतं. पुढे विचारलं की प्रीतम चहा सांगायला उठायचा. आनंदाला एकदम पाळी आठवायची. आणि विक्रम मरणाचं नवं कारण विचारायचा. ती सोडून गेली, माहेरी बसली, की आणखी काही? जिचं नावसुद्धा माहीत नाही, त्या बाईपुढे मी उभी तरी कशी राहणार?

मार्चमध्ये वहिनीने कराडचं स्थळ आणलं. चांगलं होतं. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. मी विक्रमला सांगितलं, आणि सांगून गप्प बसले — इतकी गप्प, की दगडालाही कळलं असतं.

त्याने काउंटरवरची फ्लेक्सची गुंडाळी सरळ करून ठेवली. मग हसला.

“बरं हाय. या रविवारी त्यानेच मरतो.”

तो गेल्यावर मी रडले, आणि रडत रडतच त्याचं फ्लेक्स करायला घेतलं. भावाची एक सवय होती: काम झालं की नाव आणि फोटो पुसायचा, उरलेली फाइल नमुना म्हणून ठेवून द्यायचा. खालची तारीख तशीच राहायची. ती दर वेळी मी बदलायचे. त्या दिवशी सोनचाफ्याच्या किनारीचा नमुना उघडला. रागातही त्याला चांगलंच द्यावंसं वाटलं. नाव टाकलं, फोटो टाकला, त्याने सांगितलेलं कारण टाकलं, आणि छापून दिलं.

रविवारी दुपारी बोईसरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. मी गेले. का, ते विचारू नका. पडद्याआड उभी राहिले. विक्रम हार घालून खुर्चीत बसला आणि आनंदाने नेहमीच्या रडक्या सुरात वाचायला घेतलं.

“कैलासवासी विक्रम राऊत, दुसऱ्याचं लग्न ठरतंय हे ऐकून मरण पावले. देवाज्ञा, एकोणीस एप्रिल दोन हजार...” तो अडखळला. “एकवीस.”

हॉलमध्ये हशा फुटला. चार वर्षं मेलेला माणूस रोज कामावर जातो — मयत मंडळाला एवढं हसू आजवर मिळालं नव्हतं. प्रीतमचा हात भलत्याच पट्टीवर पडला. आनंदा ढोलकी समोर असून वाजवेना. आणि विक्रम... मयताने बोलायचं नसतं. तो मान वळवून त्या चाफ्याच्या किनारीकडे बघत राहिला.

शेवटच्या गाण्याला तो उठलाच नाही. प्रीतमने कसंबसं उरकलं.

पडदा पडल्यावर मी माफी मागायला पुढे झाले. काय चुकलं ते मला अजून नीट कळलं नव्हतं, पण चुकलंय हे कळलं होतं. आनंदा वायरी गुंडाळायला लागला. प्रीतम म्हणाला, चहा सांगून येतो.

“कोणी कुठं जाऊ नका,” विक्रम म्हणाला. दोघंही होते तिथे थांबले.

तो माझ्याशीच बोलत होता, पण ऐकवत होता त्या दोघांना. किनार त्यानेच निवडली होती. माझ्या भावाच्या शेजारी बसून, बायकोसाठी. कोरोनात ऑक्सिजनसाठी दोन दिवस फिरले, आणि एकोणीस एप्रिलच्या सकाळी ती गाडीतच गेली. फ्लेक्स लावलं, पण तेव्हा सगळं बंद. बघायला रस्त्यावर माणूस नव्हता. त्यानंतर घरात कुणी तिचं नाव काढलं नाही, बँडमध्येही नाही. त्याला वाईट वाटेल म्हणून.

“मी पण नाय काढलं,” तो म्हणाला. “सोताच मरत राहिलो. ते सोपं होतं.”

मी सोमवार विसरून गेले होते. तो विसरला नव्हता. त्याने गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, आणि पहिल्यांदाच मला मॅडम म्हणाला नाही.

“सपना मेली, वर्षा. मी नाय मेलो... उद्या कराडला नाय म्हणून कळव.”