शिंपल्यांसाठी बर्फ

चैत्रातल्या दुपारी चिखलीच्या एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीवर शिकायला माझ्याकडे राहणारी माझी भाची सुचिता थांबली, ती रस प्यायला नव्हे.

"नुसता बर्फ पाह्यजे."

चरकाचे घुंगरू थांबले. रसवंतीवाल्या गोविंदानं वर पाहिलं. "रस नको?"

"धरणातून शिंपल्या आणायच्या आहेत... गार राह्यल्या पाह्यजे."

"मंग रस शिंपल्याईले देतो," तो हसला. पण बर्फ बारीक फोडून त्यानं तिचा थर्माकोलचा डबा काठोकाठ भरला.

मला माझ्या आईनं शिंपल्यानं दूध पाजलेलं. शिंपलीत रोगजंतूही राहतात, हे मला या पोरीनं सांगितलं. गेल्या पावसाळ्यात धरणाकाठच्या वस्तीवर शिंपल्या खाऊन लेकरं आजारी पडली होती. कोणत्या महिन्यांत त्या खाऊ नयेत, हे तिला कॉलेजच्या संशोधनात शोधायचं होतं. त्यासाठी वर्षभर, दर महिन्याला शिंपल्या आणि पाणी तपासायचं. मधला एक महिना चुकला, तर सगळी मेहनत वाया.

"काय म्हणतात तुमचे जंतू?" गोविंदा दर खेपेला विचारी.

"उन्हानं वाढून राह्यले. थंडीत गाळात दडून बसतात म्हणे... मरत नाहीत."

"माह्यावानीच आहे मंग."

"काय?"

"काही नाही... डबा धरा."

आषाढात जानेफळहून माझ्या भावाचा, तुळशीरामचा फोन आला. रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते. धरणावर जायचा दिवसही तोच.

"एक महिना नाही गेली, तर काय बिघडते?"

"हाच महिना महत्त्वाचा आहे, बाबा. सगळ्या ओढ्याईचं पाणी आता धरणात उतरते. पाहुण्याईले दुसरा रविवार सांगा."

तिनं फोन ठेवला. मी चप्पल घातली, तिच्यासोबत निघाले.

स्टँडवर आलो, तर रसवंती बंद. पाऊस लागला की रसवंत्या उठतात, हे आमच्या ध्यानातच नव्हतं. चरक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. सुचिताच्या वेणीतून पाणी गळत होतं... तेवढ्यात ताडपत्रीआडून गोविंदा आला. हातात स्टीलचे डबे, आत गोठलेला बर्फ.

"रसवंती बंद आहे नं?"

"मालक चालू आहे. घरच्या फ्रिजात जमवला. माय म्हणते, भाजीले डबा नाही ठेवला."

"मी नसते आले तर?"

"वितळला असता."

तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

दिवाळीत तो म्हणाला, "एक इचारू?"

"वर्ष पुरं होऊ द्या. अर्ध्यावरून मी काही सांगत नाही."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. थंडीभर बर्फ मात्र देत राहिला.

पुन्हा चैत्र आला, घुंगरू वाजू लागले. पावसाळाभर शिंपल्या खायच्या नाहीत, असा फलक वस्तीवर लागला, त्या दिवशी सुचिता मला घेऊन रसवंतीवर आली. हात रिकामे.

"डबा?" गोविंदानं विचारलं.

"काम झालं."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... आता नाही येणार?"

"तीन रस द्या."

"तुमी तं दोघीच आहा."

"तिसरा तुमचा. आन् रविवारी जानेफळले या. बाबाले सांगितलं आहे, पाहुणे येऊन राह्यले म्हणून."

चरक तसाच फिरत राहिला, ऊस घालायचं त्याला सुचेना.

"रसात... बर्फ टाकू?"

"आज नको," सुचिता म्हणाली.