अण्णांची लाल रेघ

हे खरं आहे. ज्यांना हसायचं आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. मागे एका ग्रुपवर मी हे थोडक्यात लिहिलं होतं, तर एकाने विचारलं, "दादा, त्या दिवशी कुठली घेतली होती?" तेव्हा डोक्यात गेलेली तिडीक अजून उतरलेली नाही. म्हणून आज सगळं लिहितो.

मिनेसोटामधलं ईडन प्रेरी. माझ्या घराचं गॅरेज. मागच्या जानेवारीतला दुसरा शनिवार, संध्याकाळचे सव्वापाच. बाहेर उणे एकवीस आणि अंधार पडलेला.

दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी गॅरेजचं दार उघडलं.

आणि मला वास आला...

नेलपॉलिशचा.

पण आधी गाडीबद्दल सांगायला हवं, आणि अण्णांबद्दल.

गाडी म्हणजे रोडस्टर. छप्पर नसलेली, दोन सीटची, जुन्या घाटाची. खाली नवी चेसिस, वर फायबरची बॉडी, पुढे उघडं ठेवलेलं व्ही-एट इंजिन. इथले लोक तिला हॉट रॉड म्हणतात. सुटे भाग मागवायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः जोडायचे. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढून मी कंटाळलो होतो. एक तरी वस्तू हाताने बनवायची होती. शेजारच्या सीटवर माझी सात वर्षांची नैना बसणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. चाळीसगावच्या एसटी डेपोत चौतीस वर्षं मेकॅनिक होते. मागच्या वर्षी मे महिन्यात ते आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या हातातून पाना काढून घेतला.

तो उन्हाळा आयुष्यातला सगळ्यात चांगला गेला, हे मला आता कळतंय.

अण्णांची एक पद्धत होती. नट आवळून झाला की पान्याने त्यावर दोनदा ठोकायचे. टक्... टक्. आवाज कान देऊन ऐकायचे. पटला, तर नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एक लाल रेघ ओढायचे. रेघ अखंड असेल तर नट जागच्या जागी आहे. रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरलाय. डेपोत रंग असायचा. इथे त्यांनी माझ्या बायकोची, उत्तराची, नेलपॉलिशची बाटली मागून घेतली.

"रेघ नाही, तर गाडी बाहेर नाही," असं ते म्हणायचे.

आणि अजून एक नियम होता. रागात पाना धरायचा नाही. "रागात माणूस एक फेरा जास्त देतो," म्हणायचे. माझ्याकडे बघूनच म्हणायचे, कारण आमच्या घरात नाकावर राग असलेला मी एकटाच.

ऑक्टोबरमध्ये ऑफिसमधला देवांग गाडी बघायला आला. फोनवर व्हिडिओ काढायला लागला आणि हसला.

"यार केदार, इंजिन एवढं क्लासी, आणि हे सगळीकडे लाल लाल काय? किसी ने पान थूका है क्या?"

तो गेल्यावर मी थिनर आणि फडकं घेतलं आणि एकूण एक रेघ पुसून टाकली. पाच महिन्यांच्या रेघा. अण्णा दारात उभे होते.

"अरे, राहू दे ना. खुणा आहेत त्या."

उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं मी बोललो. "अण्णा, ही एसटी नाहीये. लोक हसतात. प्लीज, आता गाडीला हात लावू नका."

अण्णा आत आले. बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती उत्तराच्या कपाटावर नेऊन ठेवली. नंतरचे नऊ दिवस ते गॅरेजमध्ये फिरकले नाहीत.

त्याच संध्याकाळी मी पुढच्या चाकांना स्टिअरिंगचे भाग जोडले. एकट्याने. दात-ओठ खात. कोणावर चिडलो होतो ते माझं मलाही सांगता आलं नसतं.

भारतात परत जाताना विमानतळावर त्यांनी नैनाच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही.

नोव्हेंबरच्या अठरा तारखेला ते गेले. झोपेतच.

आणि मी गेलो नाही.

माझ्या व्हिसाचं रिन्यूअल अडकलेलं होतं. वकील म्हणाला, देशाबाहेर पडलास तर परत यायची गॅरंटी नाही. घराचं कर्ज, नैनाची शाळा... मी ऐकलं. माझी बहीण लतिका हिने अग्नी दिला. मी गॅरेजमध्ये इंजिनाला फोन टेकवून ते व्हिडिओ कॉलवर बघितलं. मधेच नेटवर्क गेलं आणि चितेसमोर ती स्क्रीनवर तशीच थिजून राहिली. मी हातातला पाना भिंतीवर फेकून मारला. त्या भिंतीला अजून खड्डा आहे.

ज्यांनी असा कॉल घेतला आहे, त्यांना हा राग समजेल. बाकीच्यांना समजावून सांगायची माझी इच्छा नाही.

त्यानंतर गॅरेजला कुलूप होतं. ते उघडलं त्या जानेवारीतल्या शनिवारी.

नेलपॉलिशचा वास.

आणि अंधारात...

टक्... टक्.

मी जागीच थांबलो. हीटर बंद होता. रस्त्यावर गाडी नव्हती.

मी दिवा लावला.

आत कोणी नव्हतं.

पण गाडीवर रेघा होत्या. इंजिनाच्या प्रत्येक बोल्टवर. चेसिसवर, मागच्या चाकांवर. लाल, सरळ, अण्णांच्या हाताच्या. मी एकीवर बोट ठेवलं.

ओली होती.

मला भीती वाटायला हवी होती. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच घरात गेलो.

"उत्तरा, हा काय फालतूपणा आहे?"

ती पोळ्या करत होती. मी काय म्हणतोय तेच तिला कळेना. मी रेघांबद्दल आणि नेलपॉलिशबद्दल सांगितलं. "ती बाटली? अरे, अण्णा गेल्यावर मी टाकून दिली ती. मला बघवेना."

"मग नैनाने केलं असेल."

"आय डिड नॉट, बाबा!" नैना रडायलाच लागली. "गॅरेज तर लॉक्ड असतं!"

उत्तराने गॅस बंद केला. "केदार, तुझा राग माझ्यावर काढ. तिच्यावर ओरडायचं नाही."

मी परत गेलो आणि सगळ्या रेघा थिनरने पुसल्या. दुसऱ्यांदा. कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली.

रविवारी दुपारी उघडलं...

सगळ्या रेघा जागेवर.

मग मी आत कॅमेरा बसवला. तिसऱ्यांदा पुसल्या. कॅमेऱ्यात रात्रभर कोणी आलं नाही. पहाटे चार वाजून बारा मिनिटांपर्यंत बोल्ट स्वच्छ दिसतात. चार वाजून तेरा मिनिटांनी रेघा दिसतात. मधे काही नाही. तो व्हिडिओ माझ्याकडे आहे, आणि मी तो कोणालाही पाठवणार नाही, मागू नका.

चौथ्यांदा थिनर हातात घेतला तेव्हा उत्तराने माझा हात धरला.

"थांब. पुसू नकोस. आधी बघ तरी."

तिने टॉर्च घेतला आणि गाडीभोवती फिरली. एकेक बोल्ट बघत. मी चिडून भिंतीला टेकून उभा होतो. पुढच्या डाव्या चाकापाशी ती खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

"केदार... सगळ्यांवर आहे. ह्याच्यावर नाही."

स्टिअरिंग चाकाला जिथे जोडतात, तिथला बोल्ट. त्या संध्याकाळी मी एकट्याने लावलेला.

"हा मी स्वतः आवळलाय," मी म्हणालो. "सगळ्यात घट्ट आहे हा."

सिद्ध करायला म्हणून पाना लावला. नुसता हात ठेवला म्हणा ना.

बोल्टचं डोकं तुटून माझ्या हातात आलं.

मानेपाशी जुनी चीर होती. अर्ध्यापेक्षा जास्त आत गेलेली, कडेला गंज धरलेला. गरजेपेक्षा जास्त आवळला की बोल्ट असा चिरतो. वरून काही दिसत नाही. रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात चाक वळायचं थांबलं असतं.

एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर पहिली फेरी मारायची होती.

"नैना बसणार होती ह्यात," उत्तरा म्हणाली. मग ती आत निघून गेली. 

मी त्या गार फरशीवर बसलो आणि मोठ्याने ओरडलो. अण्णांवर. तेव्हाच तोंडाने का नाही सांगितलंत? हात लावू नका म्हटलं तर एवढं मनाला लावून घ्यायचं? एक शब्द का नाही बोललात विमानतळावर?

 अण्णा भांडणात कधीच उत्तर देत नसत.

नवा बोल्ट आणला. डोकं शांत व्हायला चार दिवस थांबलो, मगच लावला. किती जोराने आवळला ते आकड्यात दाखवणारा पाना वापरला, आणि आकडा आला तिथे थांबलो. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर रेघ होती.

मला वाटलं, संपलं. अण्णांनी माफ केलं.

तीन आठवड्यांनी, फेब्रुवारीतला एक रविवार. दुपारचे अडीच. जेवणं झालेली. नैना हॉलमध्ये सोफ्यावर झोपलेली, उत्तरा आत पलंगावर, मी तिच्या शेजारी. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. माझे डोळे मिटलेले होते, पण मी जागा होतो.

हॉलमधून आवाज आला...

टक्... टक्.

मग चपलांचा. सावकाश, उजवा पाय जरा ओढत. डेपोत गुडघा दुखावल्यापासून अण्णा तसेच चालायचे.

खोलीत ग्रीसचा आणि तंबाखूचा वास आला.

उत्तराच्या बाजूला...

टक्... टक्.

मग पावलं पलंगाला वळसा घालून माझ्याकडे आली. थांबली. माझ्या अगदी उशाशी. मी डोळे उघडले नाहीत. हात पांघरुणाबाहेर होता, तो तसाच ठेवला. श्वास धरून वाट बघितली.

काहीच वाजलं नाही.

बराच वेळ काहीच वाजलं नाही.

मग पावलं गेली.

मी उठून उत्तराचा हात बघितला. अंगठ्याच्या नखावरून खाली कातडीवर उतरलेली लाल रेघ. ओली. हॉलमध्ये धावलो. नैनाच्याही अंगठ्यावर तशीच.

माझ्या दोन्ही हातांवर काही नव्हतं. पायांवरही नव्हतं. बाथरूमच्या आरशासमोर कपडे काढून बघितलं.

दुसऱ्या आठवड्यात सगळ्या टेस्ट केल्या. रक्त, हृदय, डोक्याचा स्कॅन. डॉक्टर म्हणाले, एकदम फिट आहात, फक्त बीपी थोडं जास्त आहे, चिडचिड कमी करा. मी त्यांच्यावरही चिडलो.

रेघ तीन-चार दिवसांत धुऊन जाते. रविवारी दुपारी नवी येते. त्या दोघींच्या अंगठ्यावर, दर आठवड्याला. उत्तरा आता घाबरत नाही, रेघेला हात लावून नमस्कार करते. नैना शाळेत सांगते, माय आजोबा चेक्स ऑन मी.

गाडी तयार आहे. एकूण एक बोल्टवर रेघ आहे. तरी मी ती गॅरेजबाहेर काढलेली नाही. चालवणाऱ्यावर रेघ नाही.

कमेंटमध्ये कोणी मला पिंडदान कर, अमुक शांती कर असं सांगू नये. लतिकाने सगळं केलंय. त्याने माझा प्रश्न सुटत नाही.

अण्णा अजून रागावले आहेत म्हणून माझ्याजवळून नुसते जातात, की न ठोकताच त्यांना माझ्यातली एखादी चीर कळलीय?

आज रविवार आहे. हे लिहिता लिहिता दोन वाजले. त्या दोघी झोपल्या आहेत. मी बाजारातून त्याच रंगाची बाटली आणली आहे. झाकण सैल करून उशाशी ठेवली आहे, आणि आता हात पसरून पडणार आहे.

अण्णा, एक फेरा जास्त दिला मी. माहीत आहे मला.

रेघ नका ओढू हवं तर. पण एकदा ठोकून तरी बघा.