बावळेकरमामांच्या मशिनी

इंदूमामीने उजव्या हाताने चहा गाळला. ओट्यावर एक थेंब सांडला नाही. तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत बसलेली राखाडी पट्टी हलकेच गुणगुणली, कप उचलला गेला आणि अलगद हेमांगीसमोर येऊन टेकला. हा सत्तरी ओलांडलेल्या, पक्षाघाताने उजवी बाजू गेलेल्या बाईचा हात आहे, असं सांगूनही कुणाला पटलं नसतं.

त्या पट्टीला सगळे ‘सावरणी’ म्हणत. तिचा शोध लागला तो मामीसारख्या रुग्णांसाठी. स्नायूंमध्ये उमटणारा पुसटसा संदेश ती टिपायची, माणसाला काय करायचं आहे याचा अंदाज बांधायची आणि राहिलेली हालचाल स्वतः पुरी करायची. पण थरथरत्या हाताची झालेली सोय धडधाकट हातांनाही हवीशी वाटली. आधी शिंप्यांनी घातली, मग ड्रायव्हरांनी, मग शाळेतल्या पोरांनी. पहिलीतल्या मुलांचं अक्षर वळणदार येऊ लागलं. कुणाच्या हातून भाजी चिरताना बोट कापेना. हेमांगीच्या हातातही सावरणी होती. तिची पातळ, बांगडीएवढी होती. ती घातली आहे हेसुद्धा तिला आठवत नसे.

“ओसवाल कधी येतायत?” मामीने विचारलं.

“आज फक्त बघायला येणार आहेत. मशिनी थंडी सरता सरता उचलतील.”

मामीने मान डोलावली आणि खिडकीबाहेर पाहिलं. पाचगणीच्या बाजारातला व्हिडिओ गेमचा बावळेकर पार्लर इथून दिसत नसे, तरी ती त्याच दिशेला बघत होती.

आप्पामामा उन्हाळ्यात गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. भाचीवर त्यांचा जीव, म्हणून विक्रीचं काम हेमांगीकडे आलं होतं. पुण्यातलं आपलं काम इथूनच करता येईल अशी सोय लावून ती मामीकडे राहायला आली होती. पार्लर बंद होऊन वर्षं झाली होती, पण मामांनी एकही मशीन विकलं नव्हतं. उलट मुंबई-पुण्यातले पार्लर बंद पडत गेले तसे तिथले भंगारात निघालेले खेळांचे डबे टेम्पोत घालून ते घाटावर आणत आणि खोलून पुन्हा चालू करत. माणसाएवढी उंच लाकडी कपाटं, काचेची जाडजूड पिक्चर ट्यूब, खाली लाल मुठीचा दांडा आणि झिजलेली बटणं. खेळांची खरी नावं कुणाला वाचता येत नसत. पोरांनी आपली नावं दिली होती, माकडउडी, गल्लीतला पैलवान, दगडफोड.

तुषार ओसवाल दुपारी आले. पुण्याचे हॉटेलवाले, पन्नाशीचे, बोलायला मोकळे. गाळ्यात शिरताच ते थबकले.

“काकू, मी इथल्या बोर्डिंगमध्ये होतो. रविवारी भिंतीवरून उडी मारून इथं यायचो. दगडफोडमध्ये मला कुणी हरवत नव्हतं.”

“होस्टेलची सगळीच पोरं असं सांगतात,” मामी म्हणाली आणि ते खळखळून हसले.

त्यांचा बेत सरळ होता. नव्या रिसॉर्टमध्ये जुन्या काळाची एक गल्ली उभारायची होती. कपाटं तशीच ठेवायची, रंग द्यायचा, पण आतलं सगळं काढून टाकायचं. काचेच्या ट्यूबच्या जागी नवा पडदा बसणार होता आणि त्यात सावरणीशी जोडलेला खेळ. “पाहुणा हरला की नाराज होतो. यात कुणी हरणारच नाही.” त्यांनी दिलेला भाव चांगला होता. हेमांगीने करारावर सही केली.

ओसवाल गेल्यावर मामी म्हणाली, “आतडी काढायच्या आधी एकदा सगळ्या चालू कर. जिथं असतील तिथं ह्यांना बरं वाटेल.”

हेमांगीने एकेका मशीनचं बटण दाबलं. ट्यूब तापायला वेळ घेत होत्या. मग एकेक काच उजळली आणि गाळ्यात चिवचिवाट, धडामधूम सुरू झालं. मामी दगडफोडसमोरच्या स्टुलावर बसली. काळ्या आभाळातून दगड येत होते आणि खाली एक छोटं विमान होतं. तिने उजवा हात दांड्यावर ठेवला. सावरणी गुणगुणली, पण तिला या दांड्याची ओळखच नव्हती. चमचे, पेनं, दारांच्या कड्या अशा हजारो वस्तू तिला ठाऊक होत्या. इथे ती अंदाज बांधायला थांबे आणि तोवर दगड येऊन आदळे.

“मधे मधे करते ही,” म्हणत मामीने डाव्या हाताने पट्टी उपटून काढली.

उजवा हात मेल्यासारखा दांड्यावर पडला. तिने खांद्याने रेटा दिला. विमान सुसाट डाव्या कडेला गेलं आणि फुटलं. पुन्हा रेटा दिला, पुन्हा फुटलं. मामी हसत सुटली. मामा गेल्यापासून हेमांगीने तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. ‘चल आता’ हे जिभेवर आलेले शब्द तिने गिळले.

त्यानंतर मामीचा तोच उद्योग झाला. न्याहारी झाली की गाळा. पट्टी काढायची, हात दांड्यावर ठेवायचा आणि मार खायचा. सुरुवातीला ती खांद्याने खेळे. पुढे कोपर हलू लागलं. हेमांगीला वाटे, चांगला विरंगुळा आहे, मशिनी जाईपर्यंत खेळू दे.

एकदा सकाळी दोघी अंगणात मटार सोलत बसल्या होत्या. सावरणी चार्जिंगला लावलेली होती. वाऱ्याने पदर घसरला आणि मामीने बोलता बोलता तो उजव्या हाताने सारखा केला.

हेमांगीच्या हातातली शेंग खाली पडली. “मामी, आत्ता काय केलंस?”

“काय केलं?”

“पदर. उजव्या हाताने.”

मामीने हाताकडे पाहिलं. बोटं थोडी आखडली, थोडी उघडली. मग ती म्हणाली, “पुन्हा सांग करायला. मुद्दाम जमतंय का बघू.”

मुद्दामही जमलं. बेंगरूळ, अर्धवट, पण जमलं.

त्याच आठवड्यात हेमांगी तिला वाईला डॉ. शाहीन पटवेकरांकडे घेऊन गेली. मेंदूविकारांच्या त्या डॉक्टरांनीच मामीला सावरणी लिहून दिली होती. त्यांनी मामीच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली आणि हात हलवायला सांगितलं. पडद्यावर मेंदूचं चित्र होतं. पक्षाघातानंतर काळोखा राहिलेला भाग कडेकडेने उजळला होता.

डॉक्टरांनी चित्र मोठं करून पुन्हा पाहिलं. “तुम्ही यांना कोणता व्यायाम देताय?”

“दगडफोड,” मामी म्हणाली.

पुढच्याच रविवारी डॉक्टर स्वतः घाट चढून आल्या. त्यांनी मशीन पाहिलं, मामीचा खेळ पाहिला, स्वतः खेळून बघितलं आणि तिसऱ्या दगडाला मेल्या.

“मेंदू शिकतो कसा, माहितेय?” त्या हेमांगीला म्हणाल्या. “आपण काय करायला गेलो आणि प्रत्यक्षात काय झालं, या दोन्हींतला फरक तो पाहतो. त्या फरकावरून हाताला पुढचा हुकूम सुधारून देतो. सावरणी तो फरकच पुसून टाकते. हात चुकायच्या आत ती त्याला जागेवर नेते. मेंदूला वाटतं, सगळं ठीक चाललंय, आपण कशाला कष्ट घ्या?”

“मग नव्या पडद्यांवरचे खेळ?”

“त्यांतही तेच. हल्ली प्रत्येक पडदा तुमचं बोट कुठे जाणार हे आधी ठरवतो आणि चूक गुळगुळीत करून दाखवतो. आणि या काचेत बघा. दांडा हलला की त्याच क्षणी किरण हलतो. मधे कुणी नाही. चूक ताजी असतानाच दिसते आणि खेळ गोडीचा, म्हणून माणूस हजारदा चुकायला तयार होतो. माझ्या दवाखान्यात कंटाळून कुणी वीसदासुद्धा करत नाही. मीच ही पट्टी शेकडो लोकांना दिलीय. ती वाईट नाही. पण ती काढायची केव्हा, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. अजून काही जणांना इथं पाठवू?”

थंडी पडली तसा गाळा भरू लागला. वाईचे एक निवृत्त फोटोग्राफर आले, भिलारची एक सुईण आली. मामी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसे आणि ओरडे, “खांदा नको, मनगट! मेलात तर मेलात, परत चालू करा!” फोटोग्राफरांनी एका सकाळी उजव्या हाताने शर्टाचं बटण लावून दाखवलं तेव्हा सगळ्या गाळ्याने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर दर वेळी टोपी घेऊन येत, नोंदी करत. सावरणीविना चालणारं नवं यंत्र बनवा म्हणून त्यांनी कंपन्यांना कळवलं होतं. विचार करू, एवढंच उत्तर आलं होतं.

आणि मग एके दिवशी, डॉक्टर आणि रुग्ण गाळ्यात असतानाच, ओसवालांचा ट्रक आला.

हेमांगीने त्यांना सगळं सांगितलं. ते नीट ऐकून घेत होते, पण मान नकारार्थी हलत होती.

“ताई, मला आनंदच आहे. पण करार झालाय. माझी गल्ली बांधून तयार आहे, फक्त कपाटं बसवायची आहेत. मी दुसरीकडून कुठून आणू? असल्या मशिनी आता देशात कुठे राहिल्यात?”

“म्हणूनच म्हणतेय. आतलं काढलं की संपलं. ही ट्यूब आता कुणी बनवत नाही.”

“मला वाईट वाटतं. पण शब्द म्हणजे शब्द.”

हमाल दारात पट्टे घेऊन उभे होते. करारावरची सही हेमांगीचीच होती.

मामी दगडफोडसमोर बसलेली होती. ती मागे न वळता म्हणाली, “साहेब, तुम्हाला कुणी हरवत नव्हतं ना? जाता जाता एक डाव होऊन जाऊ द्या.”

ओसवालांच्या चेहऱ्यावर शाळकरी हसू पसरलं. त्यांनी कोट काढून हमालाकडे दिला. “काकू, मी तुम्हाला सोडणार नाही हं.”

“सोडू नका. पण ते मनगटातलं काढा. मशीन त्याला जुमानत नाही.”

त्यांनी सावरणी काढून खिशात टाकली आणि दांडा धरला. पहिला दगड आला. त्यांनी विमान उजवीकडे नेलं, ते हवं त्याहून पुढे गेलं. मागे आणलं, ते पार कडेला आपटलं. फुटलं. “सवय गेलीय,” ते म्हणाले. दुसरं विमान त्याहून लवकर फुटलं. तिसऱ्याच्या वेळी त्यांची बोटं थरथरत होती आणि ती थरथर काचेवर जशीच्या तशी दिसत होती.

मग मामी बसली. तिचा उजवा हात अजून वाकडाच होता. अंगठा नीट मिटत नव्हता. पण विमान तिचं होतं. ते दगडांच्या मधून सरकलं, थांबलं, फटीतून वर गेलं, पुन्हा खाली आलं. फोटोग्राफर श्वास रोखून उभे होते. हमाल पट्टे टाकून आत आले. ओसवालांचे गुण मागे पडले, मामीचे त्यांच्या दुप्पट झाले आणि ती अजून जिवंतच होती. शेवटी एका दगडाने तिला गाठलं तेव्हा गाळ्यात असा आरडाओरडा झाला की बाजारातले लोक धावत आले. सुईणीने मामीचा उजवा हात धरून वर उचलला आणि मामीने तो तसाच, स्वतःच्या ताकदीने, वर धरून ठेवला.

हेमांगीचे डोळे भरून आले. आप्पामामा हे बघायला असायला हवे होते, असं तिला वाटलं.

ओसवाल हसत नव्हते. “पुन्हा,” ते म्हणाले. पुन्हा खेळले, पुन्हा हरले. मग स्टुलावर बसून त्यांनी आपला तळहात उलटसुलट करून पाहिला.

“डॉक्टर, मला काही आजार नाही. कधीच नव्हता. मग हे काय आहे?”

डॉ. पटवेकर नोंदी बाजूला ठेवून त्यांच्याजवळ आल्या. “किती वर्षं घालताय?”

“निघाली तेव्हापासून. सहीसुद्धा तिच्याशिवाय केली नाही.”

डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यावर टोपी चढवली. टोपीला जोडलेल्या पडद्यावर जे चित्र उमटलं ते पाहून हेमांगीचा हात नकळत आपल्या मनगटावरच्या बांगडीएवढ्या सावरणीकडे गेला. काळोख मामीच्याइतका नव्हता. पण होता.

त्या दुपारी ट्रक जवळजवळ रिकामा परत गेला. ओसवालांनी करार फाडला नाही, बदलून घेतला. एकच मशीन त्यांनी घेतलं, दगडफोडचं जुळं, आतल्या ट्यूबसकट, स्वतःच्या घरासाठी. बाकीच्या विकायची हेमांगीला मुभा दिली आणि सांगली, लातूर, नाशिकच्या दवाखान्यांचे दरवाजे स्वतः ठोठावले. हेमांगीने मशिनी एकेक करून विकल्या. प्रत्येकीबरोबर एकच अट होती, आतलं बदलायचं नाही. प्रत्येक वेळी मामी सोबत जाई, मशीन जागेवर बसेपर्यंत थांबे आणि पहिल्या रुग्णाला पहिल्यांदा हरताना पाहूनच घरी येई. लातूरहून फोन आला, एका बाईने नातवाला उजव्या हाताने घास भरवला. त्या दिवशी मामीने शेजारीपाजारी पेढे वाटले.

ओसवालांच्या चाचणीची बातमी मात्र डॉक्टरांनी लपवली नाही. ती पसरली आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाचगणीच्या एका शाळेतून बोलावणं आलं. तिथली मुलं अगदी निरोगी होती, तीन वर्षांची असल्यापासून सावरणी घालत होती. मुख्याध्यापिकांनी पालकांची सभा घेतली, खूप वाद झाला आणि अखेर सावरणीविना एक तास घ्यायचं ठरलं.

हेमांगी आणि मामी वर्गाच्या मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. बाईंनी सांगितलं आणि मुलांनी आपापल्या सावरण्या काढून बाकावर ठेवल्या. समोर कोरे कागद होते. कुणी कुजबुजलं, कुणी हात झटकून पाहिला. मग सगळ्यांनी पेन्सिली उचलल्या आणि वर्ग शांत झाला.

या हातांनी आजवर एकही रेघ स्वतः ओढली नव्हती. पहिली कशी येईल?