दिवेलागणीला तहकूब

सांगलीत त्या दिवशी पाऊस पडत होता असं म्हणणं जरा जास्त होईल. भाद्रपदातली भुरभुर होती ती — अंगावर पडली तर कळत नाही, कागदावर पडली तर लगेच कळते.

कीर्ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर छत्री उघडत होती. तेवढ्यात रिक्षातून एक उंच मुलगा उतरला. पोटाशी एक खोकं घट्ट धरलेलं. तो थेट तिच्यापाशी येऊन थांबला.

"छत्री द्याल का जरा?"

"आणि मी भिजू?"

"नाही, नाही. तुम्हीच धरा. फक्त... ह्याच्यावर धरा."

खोक्यात स्कॅनर होता. कीर्तीनं छत्री खोक्यावर धरली, आणि तो पाऊस अंगावर घेत तिच्या बाजूनं चालू लागला.

"तुम्हीही या की छत्रीत."

"तिघं मावणार नाहीत."

"तिघं कोण?"

"तुम्ही, मी आणि स्कॅनर."

ती हसली. मी हे सगळं वरच्या खिडकीतून बघत होते. उतारवयात माणसाला खिडकीचं फार सुख असतं.

मी आक्काताई. साताऱ्यात ग्रंथपाल म्हणून सारी नोकरी केली. पुस्तकांची कार्डं लाकडी खणांत लावून ठेवायचो, तो काळ माझा. कार्डांच्या मऊ झालेल्या कडा अजून बोटांना आठवतात. मी निवृत्त झाले, खण रद्दीत गेले, आणि मग साताऱ्या-सांगलीच्या काही महाविद्यालयांनी मिळून 'कृष्णाकाठ शोधभांडार' सुरू केलं. प्राध्यापकांचे, विद्यार्थ्यांचे शोधनिबंध इंटरनेटवर एका जागी ठेवायचे, कुणीही कुठूनही वाचावेत, अशी ती कल्पना. जुनी जाणती म्हणून मला सल्लागार नेमलं होतं, त्याच कामासाठी मी त्या दिवशी सांगलीला आले होते. सांगलीचं काम कीर्ती बघायची आणि साताऱ्याहून यंत्रांचं काम बघायला आलेला हा भिजलेला मुलगा म्हणजे भरतेश चौगुले.

आम्हा जैनांच्या पर्युषणाचे दिवस होते. साडेपाचला मी डबा उघडला, कीर्तीनंही उघडला. सूर्य मावळायच्या आत जेवायची माझी लहानपणापासूनची रीत. भाकरी, मुगाची डाळ, शेंगदाण्याची चटणी. भरतेश दारात घुटमळत होता.

"चौगुले म्हणजे आमच्यातलेच ना?" कीर्तीनं विचारलं. "मग तुम्हीही दिवस असतानाच जेवत असाल."

त्यानं डब्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं.

"हो... म्हणजे... नेहमीच."

"मीसुद्धा," ती म्हणाली. "नेहमीच."

दोघंही 'नेहमीच' म्हणायच्या आधी एकेक क्षण अडखळले होते. मला वाटलं, भाकरी कोरडी असेल. मी ताक पुढं केलं.

त्यानंतर सांगली आणि सातारा यांच्यामध्ये फोन वाढले. निमित्त भांडाराचंच.

"तुमच्या भांडारात शोधलं की सापडत नाही काही," कीर्ती कुरकुरायची.

"काय शोधताय ते सांगा, मी काढून देतो."

"सगळ्या वाचकांना असंच काढून देता?"

"नाही."

मग भांडाराचं निमित्त संपायचं, फोन मात्र चालूच राहायचा. मी कधी शेजारी असले तर दोन्हीकडचं ऐकू यायचं मला.

दर डिसेंबरात साताऱ्याला आमची वार्षिक सभा भरायची. पुढच्या वर्षात भांडारात काय सुधारायचं ते तिथं ठरायचं. अध्यक्ष लालासाहेब सर, निवृत्त प्राचार्य. त्यांचे दोन नियम होते. एक, वर्षाला पाचच सुधारणा, "जास्त धराल तर एकही धड व्हायची नाही." आणि दुसरा, जिथं सभा तिथले विषय आधी. त्यामुळं साताऱ्याचे विषय पहिले यायचे आणि सांगलीच्या कीर्तीचा विषय शेवटी. तो यायच्या सुमारास ऊन गावातून निघून अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर चढलेलं असायचं. भरतेश सभेचा सचिव. तो खिडकीकडं बघायचा आणि म्हणायचा, "सर, उशीर झाला. तहकूब करूया."

सभा थांबायची. आम्ही तिघं तिथंच डबे खायचो. राहिलेल्या विषयाकडं नंतर कुणी वळून पाहायचं नाही. अशी दोन वर्षं गेली.

कीर्तीचा विषय साधा होता. प्रत्येक निबंधाबरोबर सोप्या मराठीत अर्ध्या पानाचा सारांश द्यायचा. त्यामागं एक दुखणं होतं. तिच्या काकांची हळद एका पावसाळ्यात कंदकुजीनं गेली. सगळा वाफा नासला. आणि त्याच रोगावरचा, आपल्याच भागातल्या एका मुलीनं लिहिलेला निबंध आमच्या भांडारात पडून होता, इंग्रजीत. काकांनी तो मोबाइलवर उघडला होता. पहिलं पान बघून मिटला होता.

तिसऱ्या वर्षी गोष्ट आणखी अडली. कीर्तीची नोकरी कराराची. हे सारांशाचं काम मंजूर झालं तरच सांगलीत तिची जागा राहणार होती, नाहीतर मार्चला संपणार. बेंगळुरूच्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं, सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. सभा शुक्रवारी होती.

"आक्का, यंदा विषय झाला तर राहीन," सकाळी तिनं मला सांगितलं. "नाही झाला तर... जाईन. हे भरतेश सरांना सांगू नका. दया म्हणून नको मला काही."

सभा सुरू झाली. उघडत नसलेले दुवे, दोनदा चढवलेले निबंध, फोनवर नीट न दिसणारी पानं, सावकाश चालणारा शोध. पाचवी सुधारणा भरतेशची लाडकी होती, संपूर्ण भांडाराचं नवं रूप. रंग, अक्षरं, मांडणी, सगळं त्यानं रात्रंदिवस खपून बनवलं होतं. त्यावर लालासाहेब सरांना त्यांच्या काळातला फळा आठवला, आणि फळ्यावरून खडू आठवले. ऊन किल्ल्यावर चढलं.

"आता कीर्ती मॅडमचा विषय," सर म्हणाले.

भरतेशनं खिडकीकडं पाहिलं.

"सर... उशीर झाला. तहकूब करूया."

कीर्तीनं कागद गोळा केले. बाहेर व्हरांड्यात ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"एक विचारू, सर?"

"विचारा की."

"माझा विषय आला की दरवर्षी तुम्हाला खिडकीच कशी दिसते?"

"कीर्ती, आधी जेवून घ्या. मग—"

"जेवण राहू दे. तुम्हाला तो विषय नकोच असेल तर सरळ सांगा. मला सांगलीची गाडी पकडायचीय."

ती निघाली. तो तिथंच उभा राहिला, हात अर्धवट उचललेला. मी माझ्या डब्यातले चार घास कसेबसे खाल्ले आणि तिच्या मागं गेले.

स्टँडवर पोचलो तेव्हा दिवे लागले होते. सांगलीची गाडी फलाटाला लागली नव्हती. कीर्तीनं मला बाकावर बसवलं.

"आक्का, तुम्ही बसा. मी पाण्याची बाटली घेऊन येते."

पाण्याची बाटली बाकाच्या शेजारीच मिळत होती. ती मात्र फाटकाबाहेरच्या हरणाबाईच्या गाड्याकडं गेली. मला दूरचं चांगलं दिसतं, जवळचं दिसत नाही. मी बघत राहिले. तिनं वडापाव घेतला. इकडं तिकडं पाहिलं, आणि मोठा घास घेतला.

तेवढ्यात भरतेश आला, हातात तिचा विसरलेला चार्जर. तो तिलाच शोधत असणार. पण गाड्यापाशी त्याची पावलं रेंगाळली. तिची पाठ होती, त्यानं ओळखलं नाही.

"हरणामावशी, एक द्या. मिरची जादा."

कीर्ती वळली. तिच्या तोंडात घास, त्याच्या हातात वडा. दोघंही तसेच थांबले. मी बाकावरून उठलेच.

"तुम्ही... दिवस मावळल्यावर?" ती म्हणाली.

"तुम्ही?"

हरणाबाई झाऱ्यानं तेल निथळत होती. "येकमेकाला वळखता व्हय? मग आजवर येगयेगळं का येत हुता? ही सभंच्या दिवशी बसच्या आधी येती, आन् ह्यो बस गेल्यावर. तिसरं साल हाय ह्ये."

भरतेशनं वडा कागदावर ठेवला. "पण तुम्ही तर नेहमीच—"

"ते पर्युषण होतं. आजीबरोबर दहा दिवस करते मी. तुम्ही 'नेहमीच' म्हणालात म्हणून... मीही म्हणाले. मग दर सभेला तुमच्यासमोर साडेपाचलाच जेवायला लागले. गाडीत बसायच्या आत पोटात कावळे."

"आणि मी रोज सूर्य किती वाजता मावळतो ते बघून ठेवतो," तो म्हणाला. "सभा लांबली तर तुम्ही उपाशी राहाल म्हणून."

"म्हणून तहकूब?"

"मग काय, विषय नको म्हणून? तो सारांशाचा कागद मी किती वेळा वाचलाय... पाठ आहे मला."

कीर्ती ओढणीच्या टोकानं ओठाची चटणी पुसत राहिली.

"पहिल्या दिवशी खोटं का बोललात?" तिनं हळूच विचारलं.

"डबा तुमचा होता."

"म्हणजे?"

"नाही म्हटलं असतं तर... तुमच्याबरोबर जेवायला कुणी बसवलं असतं मला?"

"गार व्हायच्या आत खावा," हरणाबाई म्हणाली. "बोलणं काय, गार व्हत न्हाई."

तोवर मी तिथं पोचले होते. मला पाहून दोघांनी वडे पाठीमागं नेले, शाळेतल्या मुलांसारखे.

"खा," मी म्हटलं. "माझी रीत माझी. ती मी कुणाच्या गळ्यात बांधलेली नाही. आणि इतकी वर्षं मला वाटत होतं, सभा माझ्या जेवणासाठी थांबतेय."

तिघंही हसलो. पण कीर्तीचं हसू मधेच थांबलं. फलाटावर सांगलीची गाडी लागत होती.

"उशीरच झाला हे कळायला," ती म्हणाली, आणि मग तिनं त्याला बेंगळुरूचं सांगितलं. सोमवार, मार्च, सगळं. त्याचा चेहरा उतरला. दिव्याखाली मला तो स्पष्ट दिसला.

"भरतेश," मी म्हटलं, "इतिवृत्तात काय लिहिलंस? सभा संपली, की तहकूब?"

"तहकूब."

"मी अशा सभा तुझ्या जन्माआधीपासून बघतेय. तहकूब सभा जिथं थांबते तिथूनच पुन्हा सुरू होते. उद्या भरवली तर पहिला विषय कुणाचा?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, कीर्तीकडं पाहिलं आणि तेलकट बोटांनीच सरांना फोन लावला. सरांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "दहाला या. माझं काय, मी रिकामाच आहे. पण गड्या, उद्या खिडकीकडं पाठ करून बस."

सांगलीची गाडी कीर्तीला न घेताच गेली. ती त्या दिवशी माझ्या घरी राहिली.

सकाळी तिनं भाषण केलं नाही. कंदकुजीच्या निबंधाचा सारांश वाचून दाखवला. पाणी कुठं साचतं, बेणं कसं निवडायचं, वाफा उंच का हवा. वाफ्याची ओळ तिनं दोनदा वाचली, काकांचा वाफा आठवला असणार.

सर चष्मा पुसत म्हणाले, "शेतीवरचा निबंध आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला मी. पण काल मोजायचं राहिलं, पाच सुधारणा कालच झाल्या. ही सहावी. नियम मोडायचा नाही मला."

कीर्ती कागदाची कड दुमडत होती.

"पाचवी मागं घेतो," भरतेश म्हणाला.

"तुझं नवं रूप? अरे, वर्षभर खपलास त्यावर."

"दिसायचं काय, पुढच्या वर्षी दिसेल, सर. आधी वाचता येऊ दे."

हे बोलताना तो सरांकडं बघत होता. कान मात्र लाल झाले होते. कीर्तीनं मान वर केली आणि त्याच्याकडं बघितलं... त्या बघण्यात जे होतं ते मला ठाऊक आहे. आमचे हे हयात असताना एकदा रहिमतपूरच्या बाजारातून माझ्यासाठी स्वतःची छत्री विकून पुस्तक घेऊन आले होते. भिजत. तेव्हा मीही असंच बघितलं असणार.

विषय मंजूर झाला.

दुपारी आम्ही तिला गाडीवर सोडायला गेलो. ती खिडकीत बसली, तो खाली उभा.

"बेंगळुरूला नकार कळवते," ती म्हणाली.

"कामासाठी ना?"

"कामासाठी. आणि..."

"आणि?"

"दिवस मावळल्यावर मला एकटीला जेवायला आवडत नाही."

गाडी सुरू झाली. तो शेजारून चालू लागला, मग भरभर, मग जवळजवळ पळत.

"मग रोज बरोबर जेवूया का?" त्यानं विचारलं. अख्ख्या गाडीला ऐकू गेलं असावं.

"आजीला विचारायला या," ती खिडकीतून म्हणाली. "साडेपाचला. जेवूनच विचारा."

तो गेला. आजीनं डाळ वाढली, आडनाव विचारलं, आणि किती वाजता जेवतोस तेही विचारलं. त्यानं खरं सांगितलं. आजी म्हणे इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. वैशाखात लग्न झालं.

परवा भाद्रपदात, पर्युषणाच्या पहिल्या दिवशी, दोघं माझ्याकडं आली होती. भांडारात आता हळदीचे, उसाचे, द्राक्षांचे सारांश चढलेत. काकांचा फोन येतो, पुढचा कधी म्हणून. पानं मात्र अजून जुन्याच रूपाची, करडी. कीर्ती म्हणते, डिसेंबरच्या सभेत पहिला विषय तोच, आणि मांडणार ती.

ऊन किल्ल्यावर चढायला लागलं तशी मी जेवायची पानं घेतली. दोन ताटं झाकून ठेवणार होते, त्यांच्यासाठी, नंतर जेवतील म्हणून.

भरतेशनं झाकण माझ्या हातातून काढून घेतलं आणि माझ्या शेजारी पाट टाकला.

"आता वाढा, आक्का," तो म्हणाला. "दहा दिवस आहेत. यंदा खरंच."